आबासाहेबांच्या एकसष्टीला एकच गाणं

"संपलं का?" प्राचार्य साळगावकरांनी माझ्या कानाशी लागून विचारलं.

स्टेजवर गिटार थांबली होती. मागे बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून आबासाहेब उठले आणि त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला. शाल-श्रीफळाचं तबक धरलेल्या दोन नऊवारीतल्या मुली एक पाऊल पुढे सरकल्या. तेवढ्यात ड्रमवाल्यानं काठीनं झांजेला हलकासा चिमटा काढला. गिटारनं "काय रे?" असं विचारल्यासारखा एक सूर लावला, आणि गाणं पुन्हा चालू झालं. आबासाहेब बसले. मुली एक पाऊल मागे आल्या.

"नाही सर," मी म्हणालो. "मध्ये जरा थांबले होते."

"अजून किती गाणी आहेत?"

"एकच आहे सर."

"तेच म्हणतोय मी. कार्यक्रमपत्रिकेत एकच आहे ना?"

"हो सर. हे तेच आहे."

साळगावकरांनी माझ्याकडे पाहिलं. समोरच्या माणसाचा राग यावा की कीव, हे न ठरल्यावर माणसं बघतात तसं. मग ते वाकून वाकून सोफ्यापर्यंत गेले आणि आबासाहेबांच्या कानात काहीतरी बोलले. आबासाहेबांचा उजवा पाय हलायला लागला. तालात नव्हे.

त्या काळी मी एका तालुक्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितक्यांचाच मोबदला. सुट्ट्या, आजारपण आणि थोर पुरुषांच्या जयंत्या आपापल्या खर्चानं. विष्णूमामा नावाचे शिपाई व्हरांड्यातली पितळी घंटा वाजवायचे, तेव्हा माझा पगार सुरू व्हायचा. ती पुन्हा वाजली की बंद पडायचा. अशी चार वर्षं गेली होती. मला कायम करण्याचा कागद संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या टेबलावर होता, आणि ते म्हणाले होते, "आमची एकसष्टी आणि तुमचं गॅदरिंग एकदमच आहे. तेवढं नीट पार पाडा. मग बसू आपण."

गॅदरिंगला काहीतरी नवीन हवं, असं समितीत ठरलं. नवीन म्हणजे काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हेरंब साठ्येचं नाव सुचवलं. हेरंब पुण्याच्या होस्टेलवर तीन वर्षं माझा रूम पार्टनर होता, आणि आता त्याचा स्वतःचा रॉक बँड होता. बँडचं नाव 'चालू घडामोडी'. ते वाचून प्राचार्यांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. त्यांची समजूत झाली, की स्पर्धा परीक्षांचं काहीतरी असावं.

मी फोनवर हेरंबला विचारलं होतं, "किती गाणी वाजवाल?"

"एकच वाजवू," तो म्हणाला. "तुझ्या आबासाहेबांना उगाच त्रास नको."

मला हायसं वाटलं. हेरंबबरोबर तीन वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसाला हायसं वाटायला नको होतं. त्याचं गाणं कधीच बसवलेलं नसायचं. तीन-चार सुरांची एखादी ओळ घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून तिला फिरायला न्यायचं. कुठे जायचं ते ठरलेलं नाही, परत कधी यायचं तेही नाही. वाटेत जे भेटेल ते बरोबर घ्यायचं. होस्टेलच्या मेसमध्ये ताटं आपटली की ती गाण्यात यायची. रेक्टर ओरडले की त्यांचीही पट्टी यायची.

इथेही तेच चाललं होतं. मैदानाच्या पूर्वेला स्टेज होतं, समोर उतरतं ऊन, कुंपणापलीकडे एसटी स्टँड. गाडी मागे घेताना एका ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. हेरंबनं मान वळवून तो सूर तिथल्या तिथे गिटारवर उचलला, खाली आणला, वर नेला. पुढची गाडी निघाली तेव्हा तिच्या हॉर्नला गिटारनं उत्तर दिलं. ड्रायव्हरला ते आवडलं असावं, कारण त्यानं पुन्हा दिला. मागची पोरं बाकांवर चढली. कोपऱ्यावरच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता, तो ड्रमवाल्यानं घेतला. मी पाहत होतो. मला घाम फुटला होता, आणि माझं बोट मांडीवर चाललं होतं. ते मी दुसऱ्या हातानं दाबून धरलं.

आबासाहेब दुसऱ्यांदा उठले आणि दुसऱ्यांदा बसले. तिसऱ्यांदा ते नुसते पुढे सरकले. तबक धरलेल्या मुलींनी आता ते एकमेकींच्या दंडांवर टेकवलं होतं.

वीज तोडावी, असं एकानं सुचवलं. मंडपवाला म्हणाला, जनरेटर जुना आहे, एकदा बंद केला तर पुन्हा चालू होईल याची हमी नाही. म्हणजे आबासाहेबांचं भाषण बिनमाईकचं झालं असतं. त्याची जबाबदारी घेईल असा माणूस संस्थेत नव्हता.

"मी बंद करतो," विष्णूमामा म्हणाले. "घंटा दिली की वर्गात सगळं बंद पडतं. सरसुद्धा."

"सुट्टीची नका देऊ," मी म्हणालो. सुट्टीची घंटा म्हणजे न थांबता दिलेले ठोके. त्यावर आमची पोरं कुठेही असली तरी दप्तर उचलून चालायला लागत. एकदा परीक्षा चालू असताना ती चुकून वाजली होती, तेव्हा अर्धा हॉल रिकामा झाला होता. "तासाची द्या. एकच टोला."

विष्णूमामांनी व्हरांड्यातून घंटा काढून आणली, एका हातात दोरीनं धरली आणि मागच्या शिडीनं स्टेजवर चढून एक टोला दिला. हेरंब वळला, हसला, आणि त्यानं गिटार घंटेच्या सुराला लावून घेतली. विष्णूमामांनी रागानं दुसरा टोला दिला. तो नेमका समेवर पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खालून हातानं "पुन्हा" अशी खूण केली. पाचव्या-सहाव्या टोल्याला त्यांचा राग गेलेला दिसला. त्यानंतर ते खाली आले नाहीत.

"काय माणूस आहे," बोरकर म्हणाले. बोरकर शारीरिक शिक्षणाचे, माझ्यासारखेच तासिकेवर. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. "राजोपाध्ये, तुम्ही बाजूला व्हा. हे शिस्तीचं काम आहे."

ते वर गेले आणि जीव खाऊन शिट्टी मारली. बँड थांबला. एकदम, सगळा. आबासाहेब उठले, मुली पुढे सरकल्या, साळगावकरांनी माईककडे धाव घेतली. मग हेरंबनं बोरकरांकडे बोट केलं, "हं, पुढची?" अशा नजरेनं. बोरकरांना काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी दोन छोट्या शिट्ट्या दिल्या. ड्रमनं त्या उचलल्या. बोरकरांनी डोळे मिटून तिसरी दिली.

साळगावकर माईकशी न पोहोचता परतले. आबासाहेबांनी मला बोटानं बोलावलं.

"काय हो राजोपाध्ये, तुमची माणसं आहेत ना ही?"

"बँड माझ्या मित्राचा आहे, आबासाहेब. विष्णूमामा आणि बोरकर आपले."

"आपले? आपले असते तर खाली आले असते. हे कधी संपायचं?"

"सांगता येत नाही."

"वाजवणाऱ्याला तरी ठाऊक असेल ना?"

"त्यालाही नसतं. तीच पद्धत आहे त्यांची."

साठ वर्षांत आबासाहेबांनी पुष्कळ पद्धती पाहिल्या होत्या आणि बऱ्याचशा मोडून काढल्या होत्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे. जा आणि बंद करून या."

मी शिडी चढलो. शेवटच्या पायरीवर मला बँडचा नियम आठवला. होस्टेलवर तो दारावर खडूनं लिहिलेला असायचा: आत येईल त्यानं वाजवायचं. बघ्यांना जागा नाही. पण तोवर माझा एक पाय वर पडला होता.

"सर, जरा धरा," विष्णूमामा म्हणाले. "हात भरून आलाय." त्यांनी घंटेची दोरी माझ्या डाव्या हातात दिली, लाकडी हातोडी उजव्या हातात, आणि स्वतः खाली मांडी घालून बसले.

"आलास," हेरंब म्हणाला. त्याची बोटं थांबली नव्हती.

"बंद कर."

"काय?"

"बंद कर म्हणतोय. नोकरी जाईल माझी."

"अरे, मी बंद करत नसतो. ते आपोआप होतं. तू वाजव, कदाचित तुझ्यामुळे होईल."

गाणं थांबवायचं असेल तर ते वाजवायला हवं. या युक्तिवादातला दोष मी पोरांना फळ्यावर आकृती काढून समजावून दिला असता. त्या वेळी हातात खडू नव्हता. मी एक टोला दिला.

काही झालं नाही. म्हणजे फार चांगलं वाजलं असंही नाही आणि कुणी हसलं असंही नाही. गाणं थोडं सरकून बसलं, एवढंच. मी दुसरा दिला. बोरकरांची शिट्टी माझ्या दोन टोल्यांच्या मधल्या जागेत येऊन बसली. हेरंब पाठमोरा होता, पण माझा टोला येणार हे त्याला आधी कळत होतं. तो त्यासाठी जागा ठेवत होता. चार वर्षं मी त्या घंटेची वाट पाहत होतो. आता ती माझी वाट पाहत होती. खाली आबासाहेब उभे होते, आणि मला ते दिसत होते. मी त्यांच्याकडे बघत टोले देत राहिलो.

मग ते स्वतःच निघाले. साळगावकरांनी हात धरायचा प्रयत्न केला, तो त्यांनी झटकला. शिडी चढताना गुडघे कुरकुरले असतील, पण तोंडावर दिसलं नाही. ते स्टेजवर येताच हेरंबनं नियमाप्रमाणे त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं म्हणून माईक दिला.

मैदान गप्प झालं. बँड थांबला नाही, फक्त दबकला. आबासाहेबांनी माईक दोन बोटांनी टकटक करून पाहिला. ड्रमनं टकटक केलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, मग पुढे.

मला वाटलं, आता म्हणतील, बंद करा. पण समोर मैदान आणि हातात माईक आल्यावर आबासाहेबांना त्या दोन शब्दांवर थांबणं जमलं नाही.

"या माळावर," ते म्हणाले, "काही नव्हतं."

हे भाषण सगळ्या तालुक्याला पाठ होतं. माळावर काही नव्हतं, कुसळं होती. मग ते आले. मग शाळा, मग कॉलेज, मग नवीन इमारत, मग नियोजित इमारत. मागच्या रांगांतली पोरं ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. आबासाहेबांचा आवाज चढला, तसा ड्रम चढला. शाळा झाली, कॉलेज झालं. हेरंब वेगात आला, बोरकर वेगात आले, माझे टोले जवळ जवळ यायला लागले. टोल्यांमधली जागा कमी झाली, आणि मग ती उरलीच नाही.

मागची एक रांग उठली. कुणी काही ठरवलं नव्हतं. पोरांनी दप्तरं उचलली, बाकांवरून उतरली आणि गेटकडे चालायला लागली, रोजच्यासारखी. मग दुसरी रांग. मग मुलींच्या बाजूचं सगळंच. आपण काय वाजवतोय ते मला कळलं. हात तिथेच थांबवता आला असता. मी तो थांबवला नाही.

मावळतं ऊन थेट आबासाहेबांच्या डोळ्यांवर होतं. ते बोलतच राहिले. मैदान रिकामं झालं तेव्हा मी थांबलो, ड्रमही उतरला, आणि खाली फक्त साळगावकर, सोफ्यावरचे दोघे-तिघे संचालक आणि तबक धरलेल्या त्या दोन मुली उरल्या. आबासाहेब नियोजित इमारतीपर्यंत आले होते. हेरंबनं एक अगदी साधा सूर लावला आणि धरून ठेवला.

"कुसळं होती," आबासाहेब पुन्हा म्हणाले. हे भाषणात नव्हतं. "आणि मी होतो. शेरडं राखायला यायचो इथं." सूर तसाच राहिला. "एक करडी शेळी होती. कानाला भोक पडलेली. ती ऐकायची नाही. एक दिवस दिसेना झाली. तो टॉवर आहे ना आता, तिथं एक बाभळ होती. तिथं बघितलं. ओढ्यात बघितलं. हाका मारत होतो." त्यांनी माईक तोंडापासून लांब नेला आणि शेळीला बोलावतात तशी एक हाक मारली. हेरंबनं ती गिटारवर परत दिली. आबासाहेबांनी दुसरी मारली. तीही परत आली. बोरकरांनी शिट्टी खिशात ठेवली होती. "दिवस बुडायला आला होता, असाच. मी म्हटलं, घरी काय तोंड—"

तेवढ्यात जनरेटर बंद पडला.

आबासाहेब थोडा वेळ बंद माईक हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो हेरंबच्या हातात दिला, शिडी उतरले, तबकातला नारळ स्वतःच उचलला आणि गाडीत जाऊन बसले. शाल मुलींकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या ऑफिसात बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर बोरकर आधीच बसले होते. आधी मला आत पाठवलं.

"बसा," आबासाहेब म्हणाले. टेबलावर पेपरवेटखाली माझा कागद होता. "काल भाषण कसं झालं?"

"सुरुवातीला नेहमीसारखं झालं. नंतर चांगलं झालं."

"पोरं शेवटपर्यंत होती?"

माझं बोट टेबलाच्या कडेवर वाजत होतं. सकाळपासून ते थांबलंच नव्हतं. मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

"नव्हती," मी म्हणालो.

"प्राचार्य म्हणाले, होती. म्हणाले, टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती."

"आली असती. मैदान रिकामं होतं."

"संचालक म्हणाले, पोरांच्या डोळ्यांत पाणी होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुट्टीची घंटा कुणी दिली?"

"मी."

"चुकून?"

"आधी चुकून. मग नाही."

त्यांच्याकडून हसल्यासारखा एक आवाज आला. "मला काय दिसत नव्हतं का? ऊन डोळ्यावर असलं म्हणून काय झालं. मैदान रिकामं झालेलं पायाला कळतं माणसाच्या."

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"कुणासाठी थांबायचं? गेली ती गेली. माझ्या मागं ती वाजवणारी पोरं थांबली नव्हती ना. मी बोललो की काहीतरी म्हणत होती. तीस वर्षं भाषणं करतोय. परत काही येत नाही हो तिकडून. टाळ्या येतात."

मी विचारलं, "शेळी सापडली?"

आबासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानात मंडपवाले बांबू उपसत होते.

"नाही. बापाला सांगितलं, लांडग्यानं नेली."

मग त्यांनी पेपरवेट उचलला, माझा कागद काढला, चष्मा लावून सगळा वाचला. पेनचं टोपणही काढलं.

"खरं बोलणारा एक तरी माणूस संस्थेत पाहिजे," ते म्हणाले.

"हो आबासाहेब."

"पण त्याला कायम केला, की तो रोज खरं बोलायला लागतो. तासिकेवर असला, की तासापुरतं बोलतो." त्यांनी टोपण परत लावलं. कागद पेपरवेटखाली नेमका आधीच्या जागी ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असलाच तर थोडा आदर होता, आणि त्या आदराचं मी आजवर काही करू शकलेलो नाही. "कायमची जागा एकच आहे. या तुम्ही. आणि बोरकरांना पाठवा. त्यांनाही तेच विचारायचंय."

मी बाहेर आलो. बोरकर उठून उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि गळ्यात शिट्टी नव्हती.

"काय विचारतायत?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"काल भाषण कसं झालं ते."

"मग काय सांगू?"

"शेवटपर्यंत मैदान भरलेलं होतं, असं सांगा."

"अहो, पण आपण दोघं वरच होतो की. समोर काळं कुत्रं तरी होतं का?"

"बोरकर, तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"मग भरलेलं होतं."

बोरकरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. शर्ट पँटमध्ये नीट खोचला आणि आत गेले. दार पूर्ण लागलं नव्हतं. मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो असेन, तेव्हा आतून त्यांचा कवायतीच्या मैदानावरचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"खचाखच होतं, आबासाहेब. पाय ठेवायला जागा नव्हती."